शेळी गल्लीचा खांब

आमच्या घरात लिंबू सरबतासाठी आणतात, आणि अमावास्या कॅलेंडरवर छापलेली असते म्हणून कळते. माझी बाजू आधीच स्पष्ट असलेली बरी. बीडच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर अंगात येणं, उतारे, भानामती यांच्याविरुद्ध गावोगाव भाषणं दिली. सिरसाळ्यात भाषण संपल्यावर आयोजकांनी माझ्याच स्कूटरला लिंबू-मिरची बांधून मला प्रेमानं निरोप दिला, तेव्हाही मी हसलो होतो. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमानं वाचतो, पण ते चुका काढण्यासाठी. आज माझाच लिहितोय... चुका तुम्ही काढा. सापडल्या तर कळवा, उपकार होतील. हे उपरोधानं म्हणत नाही. माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

बीड शहरात, जुन्या वस्तीच्या कडेला एक गल्ली आहे. पालिकेच्या पाटीवर तिला एका थोर पुरुषाचं नाव दिलंय, पण ते पाटीवरून खाली कधी उतरलं नाही. सगळे शेळी गल्लीच म्हणतात. धारूरच्या डोंगराकडून कधीकाळी आलेली मेंढपाळांची घरं. आता पोरं रिक्षा चालवतात, आडतीवर हमाली करतात, तरी दारात दोन शेळ्या असल्याशिवाय घर घर वाटत नाही. गल्लीला दोन तोंडं. एक मोठ्या रस्त्याकडं, दुसरं नाल्याकडं. मधली वाट सुतासारखी सरळ. नाल्याकडच्या तोंडाला एक लोखंडी खांब आहे, आतून पोकळ. निजामाच्या काळचा आहे असं सांगतात. पुरावा काही नाही. त्याच्यावरचा दिवा गेला, तारा सिमेंटच्या खांबावर गेल्या, हा मात्र उभाच राहिला. कारण तो काढणं नेमकं कुणाच्या खात्यात येतं हे अजून ठरलेलं नाही.

या खांबाचा एकच माणूस उपयोग करायचा — आमच्या भागाचे हवालदार दगडूराव. बंदोबस्तात ट्रकवरून पडल्यापासून डाव्या पायानं लंगडायचे. फेरीला नेहमी नाल्याकडून यायचे, आणि गल्लीत पाऊल टाकण्याआधी काठीचं पितळी टोपण खांबावर दोनदा मारायचे. टण्ण... टण्ण. देवळातल्या घंटेसारखा आवाज सगळ्या गल्लीत जायचा. मग ते तिथंच थांबून तंबाखू मळायचे. तेवढ्यात पत्ते सतरंजीखाली जात, पिऊन आलेल्याला बायको आत ओढून घेई, भांडणारे एकमेकांची गचांडी सोडत, बाया डोक्यावर पदर घेत. गल्ली आवरून झाली की हवालदार आत येत.

मी एकदा त्यांना म्हटलं, "हवालदार, ही तर गुन्हेगाराला आगाऊ सूचना झाली."

ते म्हणाले, "सर, चोर धरायचा असला तर मी गुपचूप येतो की. पण ही घरं हायती. घरात शिरताना माणूस खोकतो का न्हाई?"

संत नव्हते ते. चहाचे पैसे त्यांनी कधी दिले नाहीत आणि त्यांचा हातही चालायचा. शेळी गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या गालाला तो माहीत होता. पण प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. नोकरीत असतानाच हृदयविकारानं गेले. त्यांच्यामागं खांब कुणी वाजवला नाही. नव्या पोलिसांना फायबरच्या काठ्या आल्या. त्यांचा आवाजही येत नाही.

मग कॅमेरे आले.

मागणी माझीच होती. सणावाराच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते — भागातली चार माणसं बोलवायची, चहा पाजायचा, सगळे शांततेच्या बाजूचे आहेत याची खात्री करून घ्यायची. त्या समितीत मी आहे. तिथं मी म्हटलं होतं, पोलिसांच्या छातीवर कॅमेरे द्या, म्हणजे शिवी कोणी दिली, हात कोणी उचलला याचा वाद उरणार नाही. कॅमेरे आले ते मंडपासकट आले. व्यासपीठावर इतके पाहुणे बसले की सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार करावा लागला. 'पारदर्शकता' हा शब्द प्रत्येकानं वापरला. नारळ फुटला आणि प्रत्येक कॅमेऱ्याला कुंकू लावण्यात आलं — बरोबर काचेवर. नंतर शिपाई मंडपामागं ओळीनं उभे राहून रुमालानं काचा पुसत होते.

कॅमेऱ्यांनी काय झालं? खरं सांगायचं तर मारणं थांबलं. चहासुद्धा पैसे देऊन पिऊ लागले. पण बोलणंही थांबलं. पोलीस गल्लीत आला की आधी छातीवरचं बटण दाबणार, लाल ठिपका लागणार, आणि मग "आपले चित्रीकरण सुरू आहे, कृपया सहकार्य करावे." भांडण मिटवायला बोलावलेला माणूस बातम्या वाचावा तसा बोलायला लागला. बायका घरातलं गाऱ्हाणं सांगेनाशा झाल्या. ते कुठं साठवतात आणि कोण बघतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीतला राजू रिक्षावाला मला म्हणाला, "सर, तुमच्या कॅमेऱ्यानं थोबाडीत बसायचं बंद झालं, हे लई चांगलं झालं. पण आता वळखत बी न्हाईत कुणी."

याच सुमारास अर्चना आमच्या ठाण्यात आली. धारूर तालुक्यातली, पहिलीच नेमणूक, अजून कायम व्हायची होती. बाप मेंढरं राखतो. दगडूरावांचं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं. पहिल्या फेरीला तिनं ठकूमावशीला तो सहकार्याचा मंत्र म्हणून दाखवला. खांबाला लागून जे घर आहे, ते ठकूमावशीचं. साठी ओलांडलेली, दारात शेळी धरून बसलेली.

मावशीनं विचारलं, "पोरी, तू माझ्याशी बोलतीस का त्या डबीशी?"

अर्चनानं माईकवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाली, "डबीशी, मावशी. तुमच्याशी बोलले तर नोकरी जाईल."

आता मुद्द्यावर येतो.

एप्रिल संपत आला होता, भर दुपार. गल्लीतले शेळ्यांचे पत्र्याचे गोठे अतिक्रमण ठरले होते आणि ते पाडायला रस्त्याकडच्या तोंडाला जेसीबी येऊन उभा होता. सोबत पोलीस. गल्ली गोठ्यांच्या पुढं गर्दी करून उभी. समितीचा सदस्य म्हणून मध्यस्थीला मला बोलावलं होतं. म्हणजे उन्हात उभं राहायला बोलावलं होतं. त्या दिवशी बंदोबस्ताला दोनच कॅमेरे दिले होते. एक इन्स्पेक्टर साहेबांना — तो चार्जिंगला होता. दुसरा अर्चनाच्या छातीवर, लाल ठिपका लागलेला.

"हात लावून बघ बे पत्र्याला!" राजू ओरडला.

जेसीबीचा ड्रायव्हर वरून म्हणाला, "मला कावून शिव्या देता? मी डिझेल टाकतो, दांडा वढतो. पाडायचं साहेबाला हाय."

"मग साहेबाला खाली पाठव, तू घरी जा!"

मला उन्हानं भोवळ आली. डोळ्यांपुढं पिवळं झालं. अर्चना शेजारीच उभी होती. तिनं डाव्या हातानं माझं कोपर धरलं आणि उजव्या हातानं पाण्याची बाटली पुढं केली. "सर, पडू नका हां," ती म्हणाली. "तुमी पडलात तर लोक म्हणतील पोलिसांनी ढकललं." तिनं ते कोपर शेवटपर्यंत सोडलं नाही. हे लक्षात ठेवा. तिच्या हाताचा घाम माझ्या बाहीत उतरला होता.

राजूच्या हातात दगड दिसला. त्याच्यामागं आणखी दोघांच्या. साहेब म्हणाले, "ही शेवटची सूचना." काठ्या वर गेल्या. आयुष्यभर मी दंगलींविषयी शिकवलं, पण दंगल सुरू होण्याआधी एक क्षण सगळे श्वास धरतात, हे पुस्तकात नव्हतं.

त्या शांततेत गर्दीच्या मागून आवाज आला.

टण्ण... टण्ण.

पुढं जे झालं ते सांगताना मला अजून हसू येतं आणि हसू अर्ध्यावर थांबतं. कुणी पळालं नाही. राजूनं दगड असा खाली ठेवला, जणू तो कुणाचा तरी होता. बायांनी पदर घेतले आणि घरात गेल्या. पुरुष वाटेतून बाजूला होऊन ओट्यांवर टेकले. साहेबांच्या मागं उभ्या दोन जुन्या हवालदारांनी काठ्या खाली घेतल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं — तो तर बाहेरगावचा होता. लाठीमार करायला समोर माणूसच उरला नाही. साहेब थोडा वेळ मोकळ्या गल्लीकडं बघत राहिले आणि मग "कारवाई तूर्त स्थगित" म्हणाले, मोठ्या आवाजात, जणू ते त्यांनीच ठरवलं होतं.

खांब कुणी वाजवला? गल्ली म्हणाली, आमच्यापैकी कुणी नाही. दारात बसलेली ठकूमावशी सोडली तर सगळे पुढं होते. मी म्हटलं, कुणीतरी हुशार माणूस असेल, नाव सांगत नसेल. मनातल्या मनात त्याला शाबासकीही दिली.

काही दिवसांनी अर्चना माझ्या घरी आली. साध्या कपड्यांत, डोळे सुजलेले. तिच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण वर गेलं होतं. त्यात त्या वेळी कॅमेरा बंदोबस्ताच्या जागी नव्हता, नाल्याकडं खांबापाशी होता. तिच्यावर आरोप आला — विनापरवानगी जागा सोडली, खांब वाजवून जमावाला इशारा दिला, आणि विचारल्यावर खोटं सांगितलं. कायम न झालेल्या शिपायाला घरी पाठवायला एवढं पुरतं.

"सर, तुमी होतात ना तिथं? मी हललेच न्हाई."

"तुझा हात माझ्या कोपराला होता."

"मग व्हिडिओत मी तिकडं कशी?"

"कार्ड बदललं असेल. दुसरं काय होणार?"

ती म्हणाली, "बापानं गावात कुणाला सांगितलं न्हाई अजून. भरतीच्या वेळी त्यानं माझ्यासंगं डोंगरावर पळायचा सराव केलता, सर. त्याला काय सांगू... डबी म्हणती ते खरं, का मी म्हणते ते?"

साक्ष द्यायला आम्ही दोघं गेलो, मी आणि ठकूमावशी. गल्ली पोलिसाच्या बाजूनं साक्ष द्यायला निघाली, हे बीडच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं. पोलिसांच्या खोटेपणापासून लोकांना वाचवायला मी ज्या यंत्राची मागणी केली, त्याच यंत्रापासून एका पोलिसाला वाचवायला लोक चालले होते. रिक्षा राजूची. त्यानं भाडं घेतलं नाही. म्हणाला, "त्या पोरीनं काठी उगारली नव्हती, मी बघितलं."

चौकशी अधिकारी मध्यमवयीन, शांत, टेबलावर फायलींच्या शेजारी एक कादंबरी उपडी ठेवलेली. मला बरं वाटलं. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन, बाहेर टायपिंगवाल्यांची खटखट. भुताखेतांसाठी इतकी गैरसोयीची जागा शोधून सापडली नसती.

त्यांनी लॅपटॉप आमच्याकडं वळवला. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ. क्रमांक अर्चनाच्याच कॅमेऱ्याचा, त्यांनी तो आम्हाला ताडून दाखवला. सुरुवातीला आमचाच गोंधळ दिसतो. जेसीबी, राजू, माझा खांदा, बाटली. "सर, पडू नका हां." मग चित्र एकदा थरथरतं... आणि नाल्याकडची वाट दिसते. मध्ये काही कापलेलं नाही, वेळेचे आकडे एकही न गाळता पुढं सरकत राहतात. कॅमेरा खांबाकडं चालत जातो.

"हे हेलकावे बघा," अधिकारी म्हणाले. "दर दुसऱ्या पावलाला चित्र एका बाजूला झुकतं. बाई, तुम्ही लंगडता का?"

"न्हाई सर."

"चालून दाखवा."

अर्चना त्या खोलीत कपाटापर्यंत चालत गेली आणि परत आली. कवायतीतली सरळ चाल. अधिकाऱ्यांनी चित्रीकरण पुढं चालू केलं. कॅमेरा पट्ट्यात सैल बसला असेल, असं मी ठरवलं.

पडद्यावर खांब जवळ आला. शेजारच्या दारात ठकूमावशी, शेळी धरलेली. चौकटीत खालून काठीचं टोक वर आलं — बांबूची काठी, पितळी टोपण. टण्ण... टण्ण.

पडद्यावरच्या मावशीनं डोक्यावर पदर घेतला आणि शेळी वाटेतून मागं ओढली. आणि त्याच वेळी माझ्या शेजारी, खुर्चीवर बसलेल्या मावशीनंही पदर घेतला.

"मावशी, तुम्ही त्या वेळी समोर कुणाला बघितलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुणालाच न्हाई, साहेब. मोकळी वाट होती. खांब वाजला म्हणून पदर घेतला."

"मग आता कावून... आता का घेतला?"

मावशी पडद्याकडंच बघत होती. "चालणं वळखीचं हाय," ती म्हणाली. एवढंच. नाव तिनं घेतलं नाही.

चित्रीकरण चालूच होतं. खांबापासून कॅमेरा आता रस्त्याकडं बघत होता. समोर सगळ्यांच्या पाठी, मुंडासी, टोप्या. मग गर्दी दोन्ही बाजूंना होऊ लागली, मी त्या दिवशी पुढून पाहिली होती तशीच, आता मागून. वाट मोकळी झाली. पार टोकाला, उन्हात, दोन लहान आकृत्या उभ्या होत्या.

"थांबवा," मी म्हणालो. "ते टोकाचं मोठं करा."

अधिकाऱ्यांनी चित्र मोठं केलं. पांढऱ्या टोपीतला म्हातारा, गुडघे वाकलेले. तो मी. त्याचं कोपर धरून खाकीतली एक मुलगी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. मोठं केल्यामुळं चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला होता, तरी ओळखू येत होता. छातीवरचा कॅमेरा इतरांचं सगळं टिपतो. ज्याच्या छातीवर असतो तो एकटाच त्यात कधी दिसत नाही. अर्चना स्वतःच्याच कॅमेऱ्यात दिसत होती, गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून काढलेली. आणि तिच्या छातीवर एक लाल ठिपका होता.

अर्चनाचा हात आपोआप छातीकडं गेला, जिथं कॅमेरा असतो तिथं. तिथं तेव्हा काहीच नव्हतं.

अधिकाऱ्यांनी लॅपटॉप बंद केला, आवाज न करता. मग म्हणाले, "मावशी, चहा घेणार का तुम्ही?" त्या इमारतीत मावशीला हे पहिल्यांदाच कुणी विचारलं असावं.

अहवालात 'तांत्रिक बिघाडामुळे सदर चित्रीकरण ग्राह्य धरता येत नाही' असं आलं. अर्चना सुटली, पुढं कायमही झाली. कॅमेरा बदलीसाठी कंपनीकडं गेला आणि त्यातलं चित्रीकरण कुठं आहे, याचं उत्तर मला कुणी देत नाही. गोठ्यांचं प्रकरण कोर्टात आहे. शेळ्या गोठ्यांत आहेत.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. दुसरा कॅमेरा, कुणाचा मोबाईल, आरशातलं प्रतिबिंब, जोडकाम... सगळं तपासलं. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सगळं वर्णन करून विचारलं. तो म्हणाला, "सर, सलग असेल तर दोन जागा एका कॅमेऱ्यात येत न्हाईत. तुमी चुकीचं बघितलं असणार." त्याला इतिहासात मी कसंबसं पास केलं होतं, पण ते वाक्य मी स्वतः आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो होतो.

गेल्या महिन्यात शेळीचं दूध आणायला गल्लीत गेलो. ठकूमावशी म्हणाली, "ती अर्चना चांगली पोरगी हाय बघा. नाल्याकडून येती, आणि आत यायच्या आधी खांब वाजवती, मला आत चुलीपाशी ऐकू येतं. कुणी शिकवलं कुणास ठाऊक. आता बाया बोलतात तिच्याशी."

मला बरं वाटलं. पुढं एकदा एसटी स्टँडवर अर्चना भेटली, ड्युटीवर. त्या चौकशीबद्दल ती कधी बोलत नाही. मी म्हटलं, "खांबाची जुनी पद्धत पुन्हा सुरू केलीस म्हणे?"

"मी न्हाई, सर." ती हसली. "मी काठी नेतच न्हाई तिकडं. गल्लीतलीच माणसं वाजवतात. मी नाल्यावरून वळायच्या आतच कुणीतरी माझ्यासाठी दोनदा वाजवतं. लई मान देतात बघा. मग मी बी जरा थांबते आणि आत जाते."

तिची बस आली, ती गर्दी बाजूला करायला गेली.

गल्लीला वाटतं ती वाजवते. तिला वाटतं गल्ली वाजवते. आणि दोघींचं एकमेकींशी कधी नव्हे इतकं बरं चाललंय. मी दोन्हीकडं गप्प राहिलो आहे. खांबापाशी दुपारी उभं राहून एकदा बघावं, असं सारखं मनात येतं. दोनदा निघालो, दोनदा रस्त्याकडच्या तोंडापासून परत फिरलो. स्पष्टीकरण माझ्याकडं आजही नाही. असतं तर मी त्या दोघींना जाऊन सांगितलं असतं का — हेही आता मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.